खिडकी, गॅलरी, पॅसेज, कंपाउंड: मांजराच्या पिल्लाला मुंबईत बाहेर कसं न्यावं

मुंबईत मांजर मोकळं सोडू नये, हे माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. गावाकडच्या घराला अंगण असतं, परसू असतं, मांजर दिवसभर हुंदडतं आणि संध्याकाळी बोंबलाच्या वासावर बरोबर घरी येतं. इथे दाराबाहेर जिना, लिफ्ट, पार्किंग, आणि फाटकापलीकडे रिक्षा. पण म्हणून पिल्लाला जन्मभर चार भिंतींत कोंडावं असंही नाही. कंटाळलेलं मांजर सोफा फाडतं, चालत्या पायांवर झडप घालतं, रात्री तीनला पडद्यावर चढतं आणि दार जरा किलकिलं दिसलं की सुसाट सुटतं. ज्याने बाहेरचं काहीच पाहिलेलं नसतं, ते असं सुटलं तर जास्तच बावचळतं.

म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं. आधी खिडकी, मग गॅलरी, मग मजल्यावरचा पॅसेज आणि शेवटी कंपाउंड. एक टप्पा अंगवळणी पडला की पुढचा. घाईचं कारणही नाही, कारण लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर उतरवायचंच नाही.

आधी डॉक्टर, मग दार

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की ट्रायकॅट लसीचा पहिला डोस देतात. ही लस मांजरांचा पार्व्हो (पॅनल्युकोपेनिया) आणि सर्दी-तापाचे दोन विषाणू, अशा तिघांपासून वाचवते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. बरेच जण दोन डोसांवर थांबतात. पण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही पिल्लांमध्ये बराच काळ टिकते आणि तोवर लस नीट लागू पडत नाही. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. शेवटच्या डोसानंतर साधारण दोन आठवडे थांबायचं, म्हणजे पिल्लू सव्वाचार-साडेचार महिन्यांचं होतं. कंपाउंडचा विचार त्याच्या आधी नको.

एवढी काळजी कशाला, असं वाटत असेल तर पॅनल्युकोपेनियाचा विषाणू लक्षात घ्या. तो जमिनीवर, कोपऱ्याकापऱ्यात वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि तुमच्या चपलेला लागून घरातही येतो. लस नसलेलं पिल्लू त्यातून फार क्वचित वाचतं. पिल्लू घरात आल्यापासूनच चपला दाराबाहेर काढायची सवय लावा.

जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला लागतं. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात, ते मांजरांसाठीचेच घ्या. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. घरात कुत्राही असेल आणि त्याला असे थेंब टाकले असतील, तर ते सुकेपर्यंत दोघांना एकमेकांच्या अंगावर लोळू देऊ नका.

नसबंदी बाहेर न्यायच्या आधीच उरका. भाटी चार-पाच महिन्यांचीच माजावर येऊ शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं. बोक्याचं ऑपरेशन झालं नाही तर तो घरात मुततो, इतर बोक्यांशी मारामाऱ्या करतो आणि चाव्यांतून एफआयव्हीसारखे, प्रतिकारशक्ती ढासळवणारे आजार घेऊन येतो. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर परळचं सकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहे. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून उपयोग नाही, ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणायचं.

मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसणारी ओळखीची चिप, बसवता येते आणि मी बसवायला सांगीनही. पण चिप वाचायचं यंत्र आपल्या वॉचमनकडे नसतं. हरवलेलं मांजर ज्याच्या हाती लागतं त्याला फक्त फोन नंबर हवा असतो. तो गळ्यातल्या पट्ट्यावर असू द्या. पट्टा मात्र ओढ बसली की आपोआप सुटणारा हवा. बकलवाला साधा पट्टा ग्रिलच्या टोकात अडकला तर गळफासच.

खिडकी आणि गॅलरी

‘मांजर काय, चार पायांवरच पडतं,’ असं म्हणणारे शेजारी प्रत्येक मजल्यावर असतात. पडताना मांजर हवेत वळतं हे खरं, पण चौथ्या मजल्यावरून चार पायांवर पडलं तरी जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून पडणंही काही सौम्य नसतं. समोर कबूतर बसलेलं असताना मांजराला कडा दिसत नाही, फक्त कबूतर दिसतं. आणि मुंबईत कबुतरं कुठे नाहीत?

बंदोबस्त करताना एकच हिशेब: जिथून पिल्लाचं डोकं जातं तिथून सगळं पिल्लू जातं. हल्ली टॉवरमध्ये लोकप्रिय झालेल्या ‘इनव्हिजिबल’ ग्रिलच्या तारांमध्ये दोन-तीन इंचांचं अंतर असतं. त्यातून लहान पिल्लू आरामात निघून जाईल. जुन्या पद्धतीच्या लोखंडी ग्रिलचंही तेच. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी तर धरूच नका, दोन ओरखड्यांत फाटते.

कबुतरजाळी लावणारे प्रत्येक गल्लीत आहेत आणि गॅलरीला ती आधीच असेल तर निम्मं काम झालं. मात्र जाळीचा डोळा एक इंचाहून लहान आहे ना, खालची कड नीट ताणून हुकांत बसवली आहे ना, हे स्वतः हाताने ओढून बघा. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं आणि दात येणाऱ्या पिल्लाला ते चावायला भारी आवडतं. मी तर सुचवीन की खालच्या तीन फुटांना आतून बारीक स्टीलची जाळी ठोकून घ्या. बाहेर काढलेलं पेटीसारखं ग्रिल असेल तर त्याचा तळ तपासा. कुंड्या मांडलेल्या पट्ट्यांमधल्या फटी वरून दिसत नाहीत.

गॅलरीतली झाडंही बघून घ्या. मनीप्लँट आणि डिफेनबेकिया चघळलं तर तोंड सुजतं, लाळ गळते. सायकस यकृत निकामी करतं. सगळ्यांत वाईट लिली. बुकेतून येणारी ती मोठी सुवासिक लिली मांजरांची किडनी बंद पाडते, अंगावर पडलेले तिचे परागकण चाटले तरी. अशी लिली मांजराच्या घरात आणूच नये. तुळस, जास्वंदीची कुंडी राहू द्या.

आता पिल्लाला गॅलरीत आणा. उचलून नेऊन ठेवू नका, दार उघडं ठेवून तुम्ही स्वतः तिथे चहा घेऊन बसा. ते उंबऱ्याशी येईल, पुढचा एक पाय टाकेल, मागचे पाय घरातच ठेवून अंग लांब करेल. खाली स्कूटर सुरू झाली की मागे पळेल, पलंगाखाली जाईल आणि थोड्या वेळाने परत उंबऱ्याशी. हे येणं-जाणं होऊ द्या, दार मागून लावू नका. रोज असं झालं की बाहेरचे आवाज सवयीचे होतात: भाजीवाल्याची हाक, कुकरची शिट्टी, मशिदीची अजान, ट्रेनचा भोंगा. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारी दुपारही त्याला शांत नसते.

हार्नेसची सवय घरात

हार्नेसचं काम या सगळ्यात सर्वांत कंटाळवाणं आणि तेवढंच महत्त्वाचं. मांजरांसाठीचा, छातीभोवती जाकिटासारखा बसणारा हार्नेस घ्या. कुत्र्याच्या पिल्लांसाठीचा चालणार नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजा, वाढत्या पिल्लाचा दर दोन आठवड्यांनी पुन्हा.

पहिले काही दिवस हार्नेस नुसता त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी पडू द्या. मग अंगावर ठेवा, काढा, खाऊ द्या. मग बंद लावा. बहुतेक पिल्लं या क्षणी आडवी होतात, जणू पाठीवर सिमेंटची गोण ठेवली आहे. हसू आलं तरी हसा आणि सोडून द्या, उचलून उभं करू नका. आवडता तुकडा समोर धरला की उठतं. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे तांदळाएवढे कण यासाठी उत्तम. सुकट आवडते खरी, पण तिच्यात मीठ फार.

बंद लावल्यावर कातडी आणि पट्टा यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जायला हवं. यानंतरची चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, पण हीच खरी. दोरी पिल्लाच्या समोरून धरा आणि हलकेच पुढे ओढा. घाबरलेलं मांजर पुढे पळत नाही, ते मागे सरकत अंग आक्रसतं आणि हार्नेसमधून उलटं निसटतं. घरात निसटलं तर बाहेर नक्की निसटणार. माप बदला किंवा हार्नेस बदला.

दोरी दीड-दोन मीटरची, साधी. बटण दाबून लांब होणारी नको. आणि दोरी ग्रिलला बांधून तुम्ही आत फोन घ्यायला गेलात, असं कधीही होऊ देऊ नका. पिल्लू उडी मारतं आणि लटकतं.

दाराची शिस्त

पिल्लाने स्वतःच्या पायांनी घराचं दार कधीच ओलांडायचं नाही. हा नियम आहे, आणि आजीला, मुलांना, कामवाल्या मावशींना तो पाठ हवा. एकदा का कळलं की या दारातून चालत गेलं की मजा असते, की पुढे कुरियरवाल्याने बेल वाजवली तरी ते पायांतून सटकेल. हार्नेस आतल्या खोलीत चढवायचा, पिल्लाला बास्केटमध्ये बसवायचं, बास्केट उचलून बाहेर. परततानाही बास्केटमधूनच.

कडक प्लॅस्टिकची, पुढून दार उघडणारी बास्केट घ्या आणि ती घरात कायम उघडी पडू द्या. आत जुनं बनियन किंवा टी-शर्ट टाका. पिल्लू तिच्यात झोपायला लागलं की बाहेर नेल्यावर तीच त्याचं घर होते. भीती वाटली की पळून आत शिरायला जागा असली पाहिजे. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

आणखी एक सवय: खाऊचा डबा वाजवून हाक मारायची. रोज, जेवणाच्या आधी, एकच डबा, एकच हाक. पुढे कामाला येते.

पॅसेज

लसी झाल्या, गॅलरी अंगवळणी पडली. आता मजल्यावरचा पॅसेज. दुपारची वेळ निवडा. सकाळी जिना पुसला जातो आणि बहुतेक इमारतींत पाण्यात फिनेल असतं. फिनेलमधली फिनॉलयुक्त द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही आणि मांजर पाय चाटणारच. वास येतोय तोवर पिल्लू उतरवू नका.

जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर तिच्याजवळ अजिबात नको. लोखंडी दाराच्या घड्यांतून पिल्लू शिरतं, पलीकडे थेट खड्डा. तसंच डक्टचं, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीचं: जिन्याच्या खिडकीतून, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांमधून पिल्लं डक्टमध्ये पडतात आणि मग सगळी बिल्डिंग रात्रभर म्यांव ऐकत बसते. त्या खिडक्या आधी बंद करून घ्या.

बास्केट भिंतीला टेकवून ठेवा, दार उघडा, दोरी हातात, आणि जमिनीवर बसा. उभ्या माणसाशेजारी पिल्लाला असुरक्षित वाटतं. ते बाहेर आलं तर ठीक, नाही आलं तरी ठीक. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरे. शेजाऱ्यांच्या चपला हुंगण्यात त्यातली चार जातील.

कधी थांबायचं हे पिल्लू सांगतं. कान मागे पडले, पोट जमिनीला टेकवून सरकतंय, शेपूट फुललं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तर आत. एक सोपी परीक्षा म्हणजे चिकनचा कण पुढे करणं. एरवी ज्याच्यावर तुटून पडतं तो कणही त्याने हुंगला नाही, तर ते फार घाबरलं आहे. त्या दिवशी बस, आणि पुढचे काही दिवस पुन्हा गॅलरीच.

चाळीत राहणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. गिरगाव-लालबागच्या चाळींत सामायिक गॅलरी म्हणजेच बाहेरचं जग, आणि तिथलं पिल्लू एकट्या तुमचं राहत नाही. चौथ्या खोलीतल्या काकू बशीत दूध घालणार, कोपऱ्यातले आजोबा बांगड्याचं डोकं देणार. ‘काकू, दुधाने त्याचं पोट बिघडतं हो, पाणी ठेवा फक्त,’ असं आधीच गोडीत सांगून ठेवा. बहुतेक मांजरांना मोठं होताना दूध पचेनासं होतं आणि जुलाब लागतात. चाळीतला फायदाही मोठा आहे: पिल्लू दिसलं नाही तर शोधायला दहा माणसं मिळतात. पण लाकडी कठड्यांच्या फटी बघाल तर चाळीतही हार्नेस सोडावासा वाटणार नाही.

कंपाउंड

उतरायच्या आधी एकटेच एक फेरी मारा. बागेत कण्हेर किंवा बिट्टी असेल, आणि सोसायट्यांना ही दोन्ही फार प्रिय आहेत, तर तो कोपरा वर्ज्य. दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. सेक्रेटरींना विचारा की उंदरांचं औषध कुठे आणि कधी टाकतात. रक्त न गोठू देणाऱ्या उंदीरविषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, पिल्लू मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, आणि मेलेला उंदीर खाल्ला तरी ते विष पोटात जातं. मीटररूममध्ये गोंदाचे ट्रॅप असतात, त्यांत पिल्लाचा पाय अडकला तर ओढू नका. खाण्याचं तेल लावून सैल करा आणि डॉक्टरांकडे न्या.

वॉचमनकाकांना पिल्लाचा फोटो दाखवा. सोसायटीतल्या जुन्या बोक्याची बसायची जागा कोणती, रस्त्यावरची कुत्री फाटकातून कधी आत येतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

वेळेचं म्हणाल तर पहाटे आणि रात्री आठ-नऊला कुत्रे फिरवणारे उतरतात, सात-साडेसातला स्कूलबस. उरते ती सकाळी नऊनंतरची तासभराची वेळ, इमारतीची सावली असेपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीनही उत्तम. मार्चपासून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये फरशीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होणार नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते दमणं नव्हे. लगेच सावलीत, अंगाला साध्या पाण्याचा हात, आणि डॉक्टर.

बास्केट भिंतीच्या कडेला ठेवा, गाड्यांपासून दूर. मोकळ्या मैदानाच्या मध्यभागी नाही. दोरीने ओढत फिरवायचा प्रयत्न करू नका, मांजर फिरायला जात नाही, ते एकाच जागी बसून पाहणी करतं. तुम्ही मागे बसा. कावळ्यांकडे लक्ष ठेवा. उन्हाळ्यात वरच्या झाडावर घरटं असेल तर ते माणसालाही टोचतात, पिल्लाला सोडतील होय? कुत्रा येताना दिसला तर पिल्लाला छातीशी धरून पळू नका, ते तुमचा चेहरा ओरबाडून सुटेल. जाड टॉवेल कायम खांद्यावर ठेवा, तो टाकून गुंडाळा आणि बास्केटमध्ये.

गच्चीबद्दल एका वाक्यात: कठड्यावरून उडी, घारी, आणि संक्रांतीनंतर आठवडेच्या आठवडे टाक्यांना गुंडाळलेला मांजा, म्हणून गच्ची मी यादीत धरतच नाही.

पावसाळा आणि सण

जून ते सप्टेंबर गॅलरीपर्यंतच. ओल्या केसांत बुरशी वाढते, गोल चट्टे पडतात आणि ते घरातल्या मुलांनाही होतात. शिवाय पावसात भटकी पिल्लं गाड्यांच्या बॉनेटखाली शिरतात. तुमचं घाबरलेलं पिल्लूही तिथेच शिरेल. गणपतीतले ढोल-ताशे, नवरात्र, दिवाळीचे फटाके, थर्टी फर्स्ट या दिवसांत बाहेर नाहीच. खिडक्या बंद, पंखा चालू, बास्केट कपाटाशेजारी.

घरी आल्यावर

पाय ओल्या फडक्याने पुसा, साध्या पाण्याने. पाण्यात डेटॉल नको, तेही फिनॉलच्याच कुळातलं. बोटांच्या मधली जागा, कानांच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवा. काळी पूड निघाली तर ती ओल्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग पसरला तर पिसवा आहेत. मग लगेच जेवण, म्हणजे घरी परतणं त्याला आवडायला लागतं. लंगडत असेल, दुखतंय असं वाटत असेल तर घरातली क्रोसीन देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

बाहेर दुसऱ्या मांजराने किंवा कुत्र्याने तुम्हाला चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जवळचं पालिका रुग्णालय गाठा. रेबीजची लस तिथे मिळते.

सुटलंच तर

पळत मागे जाऊ नका, आरडाओरडा नको. घरात वाढलेलं मांजर सुटल्यावर बहुतेक वेळा लांब जात नाही. ते पहिल्या आडोशाला शिरतं आणि मुकं होतं, तुमच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून आधी हाताच्या अंतरावरचं बघा: चपलांचं कपाट, जिन्याखालची अडगळ, वरचे आणि खालचे दोन-दोन मजले, पंपरूम, मीटररूम, उभ्या गाड्यांची चाकं आणि बॉनेट. शेजाऱ्यांना ‘दिसलं का’ विचारू नका, ‘तुमच्या गॅलरीत आणि पलंगाखाली मी स्वतः बघू का’ असं विचारा. वॉचमन, दूधवाला, कचरा उचलणारे, इस्त्रीवाला आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळ्यांकडे फोटो पोचवा.

दिवसा नाही सापडलं तर रात्री एक ते तीनच्या मध्ये उतरा, रहदारी थांबलेली असते. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून गाड्यांखाली फिरवा, डोळे चमकतात. मग खाली बसून तोच खाऊचा डबा वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा. त्याचं अंथरूण टाकलेली बास्केट जिन्याच्या तोंडाशी उघडी ठेवा. सापडल्यावर वरवर ठणठणीत दिसलं तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाट केसांखाली चाव्याची जखम दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांत तिचं गळू होतं.